न दिसलेल्यांची नोंद

अंजूरला वन्यप्राणी पाहायला कोणी येत नाही. त्यासाठी लोक ताडोबाला जातात, पेंचला जातात, मेळघाटात मुक्काम ठोकतात. भिवंडी तालुक्यात बाहेरचा माणूस येतो तो गोदामाच्या, यंत्रमागाच्या नाहीतर जमिनीच्या कामाने. महामार्गावरून त्याला पत्र्याची लांबच लांब छपरे, कंटेनरच्या रांगा आणि मधूनमधून उरलेली भातखाचरे दिसतात. याच पट्ट्यात प्राण्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी ही पुस्तिका तयार झाली आहे. प्रस्तावनेत इथल्या प्राण्यांची यादी देऊन मोकळे होणे सोपे होते. मी ते टाळले, कारण यादीच्या आधीचा प्रश्न अवघड आहे आणि तो नीट समजला नाही तर यादीच फसवते. जो प्राणी आपल्याला दिसला नाही, त्याच्याबद्दल वहीत काय लिहायचे?

अंजूरचा परिसर उल्हास नदीच्या खाडीपट्ट्यातला. भरतीचे पाणी इथवर आत येते. खाडीला लागून तिवरांची दाटी, तिच्या आत खाजणाचे बांध, बांधाला पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाड्या, मग भातशेती, मग गाव आणि गोदामे. नदीपलीकडे पारसिकचा डोंगर. वायव्येला वसई आणि भिवंडी या दोन्ही तालुक्यांत पसरलेले तुंगारेश्वर अभयारण्य, आणि त्याच्या दक्षिणेला वसईच्या खाडीलगत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला हा तुकडा. नकाशा समोर ठेवला की लक्षात येते, हा मुलूख जंगलापासून तुटलेला नाही. तरीही पहाटे बांधावर उभे राहिले तर बगळे, वंचक, खंड्या, डोक्यावर घार आणि वाटेत गावची कुत्री, एवढेच नजरेत भरते.

इतिहासात अंजूरचे नाव ठसठशीत आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ पासून मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडेपर्यंत, गंगाजी नाईक अंजूरकरांनी जी मदत केली तिच्यावर लिहिले गेले आहे, आजही लिहिले जाते. त्या मोहिमेला इथली माणसे हवी होती, कारण खाडीचे उतार, भरतीच्या वेळा आणि आडवाटा त्यांनाच ठाऊक होत्या. त्याच खाडीतल्या कोल्ह्याला, रानमांजराला, पाणलाव्याला मात्र कागदावर फारशी जागा मिळालेली नाही. याचे परिणाम साधे नसतात. एखादा रस्ता, एखादा पूल, खाजणावरचा भराव येण्याआधी जी पाहणी होते, ती बहुधा थोडक्या दिवसांत, दिवसाउजेडी आणि सोयीच्या ऋतूत उरकली जाते. उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य अहवालात पडते. पाहणाऱ्याने खोटे लिहिलेले नसते. त्याला खरोखरच काही दिसलेले नसते. पण पुढे ते वाक्य ‘इथे काही नाही’ असे वाचले जाते, आणि त्याला उत्तर द्यायला दुसरा कागद कोणाकडेच नसतो. तो दुसरा कागद तयार व्हावा, हीच या पुस्तिकेमागची माझी इच्छा आहे.

थोडे गणित करू. समजा एखाद्या खाजणात रानमांजर राहते आहे, आणि एका फेरीत ते आपल्याला दिसण्याची शक्यता पाचात एक आहे. तीन फेऱ्या मारल्या तर तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच निघते. दहा फेऱ्या मारल्या तरी शंभरात दहा-अकरा वेळा आपण ‘नाही’ लिहून मोकळे होऊ, आणि मांजर तिथेच असेल. पाचात एक ही शक्यताही मी उदारपणे धरली आहे. रात्री फिरणाऱ्या, एकट्याने राहणाऱ्या छोट्या मांसाहारी प्राण्यांच्या बाबतीत ती त्याहून पुष्कळ कमी असू शकते. २००२ साली अमेरिकेत डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी या अडचणीवर संख्याशास्त्राची एक रीत मांडली, आणि आज जगभर ती वापरली जाते. तिचा गाभा अगदी साधा आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा जा, दर वेळी दिसले की नाही ते लिहा, आणि त्या आहे-नाहीच्या ओळीवरूनच ‘असूनही न दिसण्याची’ शक्यता काढा. म्हणजे रिकामी फेरी वाया जात नाही, ती हिशेबात धरली जाते. मात्र त्यासाठी ती लिहिलेली असावी लागते. आपल्याकडे हौशी निरीक्षक ज्या दिवशी काही दिसते त्या दिवशीच वही उघडतात. ही सवय मोडल्याशिवाय पुढचे काही शिकवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

न दिसण्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राला एका छोट्या घुबडाने शिकवले आहे. वन पिंगळा. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन या खानदेशात काम केलेल्या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी जणू नाहीसा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ एक पक्षी मारल्याची नोंद दिली. शोधणारे त्या नोंदीच्या भरवशावर शोधत राहिले, मोठमोठ्या पक्षीतज्ज्ञांच्या हाती काही लागले नाही, आणि पक्षी नष्ट झाला असावा असे म्हटले जाऊ लागले. पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले जुने नमुने अक्षरशः शिवणीपर्यंत तपासले, तेव्हा कळले की माइनर्ट्झहागन यांचा नमुना म्हणजे डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना होता, नव्याने पेंढा भरून आणि खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. ती नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो पक्षी दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. वन पिंगळा दिवसा वावरतो. निष्पर्ण सागाच्या फांदीवर उन्हात बसतो. लपून बसणारा पक्षी तो नाहीच. पण आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याशी त्याचे इतके साम्य आहे की पाहणाऱ्याची नजर ‘पिंगळाच तो’ म्हणून पुढे सरकते. शहाद्याला गेलेल्या मंडळींनी आधी नमुन्यांवरून नेमका फरक पाठ केला होता, डोक्यावर जवळजवळ न दिसणारे ठिपके, छातीचा एकसंध तपकिरी रंग, आणि म्हणून त्यांना तो ओळखता आला. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हाच पक्षी तानसा अभयारण्यात आढळला, आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या बाजूला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या जंगलात. तिथे वर्षानुवर्षे पक्षीनिरीक्षक जात होते. आपल्या परिसरातला ‘नेहमीचा’ पक्षी दर वेळी नीट पाहायचा असतो तो यासाठी.

आता बिबट्याकडे वळू, कारण अंजूरच्या आसपास वन्यप्राणी म्हटले की चर्चा शेवटी त्याच्यावरच येते. मोठ्या मांजरांची मोजणी करण्याचे आपले जुने तंत्र पावलांच्या ठशांचे होते. १९६० च्या दशकात ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी ते रुजवले. काचेवर किंवा प्लॅस्टरमध्ये ठसा घ्यायचा आणि त्यावरून अमुक वाघ अमुकच, असे ठरवायचे. मऊ चिखलात आणि कोरड्या धुळीत एकाच प्राण्याचा ठसा वेगळा उमटतो, आणि ठसे पाहणाऱ्या दोन माणसांचे एकमत होत नाही, हे या पद्धतीचे दुखणे होते. राजस्थानात सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये कबूल करावे लागले की जंगलात एकही उरलेला नाही. ‘दिसले नाही म्हणून नाही’ या चुकीची ही उलटी बाजू. न पाहिलेलेही ‘आहे’ म्हणून लिहिले गेले. उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेऱ्यांच्या साहाय्याने पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून अंदाज काढण्याची पद्धत १९९५ पर्यंत मांडली होती. देशपातळीवर तशी पद्धत आली ती २००६ च्या गणनेपासून. वैशाख पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची आपली प्रथा माणसांना जंगलाजवळ आणते, आणि म्हणून ती मला प्रिय आहे. पण एकच सांबर रात्रीतून तीनदा पाण्यावर येऊ शकते आणि दुसरे अजिबात येत नाही, तेव्हा त्या आकड्यावर लोकसंख्या म्हणून विसंबता येत नाही.

बिबट्याच्या बाबतीत जे सर्वांत डोळे उघडणारे काम झाले ते महाराष्ट्रातच, आणि तेही अभयारण्याबाहेर. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, ऊस, भाजीपाला आणि दाट वस्तीच्या मुलखात कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस असल्याचा अंदाज निघाला. तिथल्या विष्ठेच्या अभ्यासात बिबट्याच्या अन्नाचा बहुतांश भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा. शेतकरी दिवसा ज्या उसाला पाणी देत होते, त्यात बिबटे झोपलेले होते. कोणाला पत्ता नव्हता.

२००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळच्या विहिरीतून एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढला गेला. वयामुळे त्याचे नाव पडले आजोबा. गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. महिन्याच्या आतच तो सुमारे १२० किलोमीटर चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत कसाऱ्याचा लोहमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, वसईचा औद्योगिक पट्टा. तो आपल्याच जिल्ह्यातून गेला, आणि गळ्यात पट्टा नसता तर कोणाला कधी कळलेही नसते. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. मृत बिबट्या आजोबाच आहे हे अंगातल्या मायक्रोचिपवरून ओळखता आले. पुढे २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यानात सुरू झालेल्या पट्ट्यांच्या अभ्यासात महाराजा नावाचा नर नागल्याकडून तुंगारेश्वरात गेला, तो चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि दिवा-वसई लोहमार्ग ओलांडून. याच मार्गावरच्या गाडीने खारबाव, कामणची माणसे रोज ये-जा करतात. अंजूरमध्ये बसून हे वाचणाऱ्या मुलाने नकाशावर ही रेघ स्वतःच्या हाताने ओढून पाहावी.

याचा अर्थ गावात बिबट्या आहेच, असे कोणी समजू नये. इथे दुसरी अडचण सुरू होते, ती खोट्या दर्शनांची. रात्री शेताच्या कडेने पिवळसर मोठे कुत्रे गेले आणि दिव्याच्या झोतात डोळे चमकले, की सकाळपर्यंत वाघ आल्याची बातमी होते. कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातली जुनी चित्रफीत गावाचे नाव लावून फिरते. अशा बातमीने माणसे घाबरतात, पिंजऱ्याची मागणी होते, आणि पुढच्या खऱ्या खुणेवर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून ठसा वाचता यायला हवा. कुत्र्याच्या पावलात नखांच्या टोकांची चिन्हे उमटतात, मांजरकुळातला प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो. बिबट्याच्या तळव्याच्या गादीला मागे तीन फुगवटे असतात, बोटे गोलसर आणि किंचित तिरपी बसतात. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यासारखाच, पण अरुंद आणि लांबट, आणि त्याची चाल सरळ रेषेत. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढायचा. मोजपट्टी नसलेला फोटो किती मोठ्या प्राण्याचा आहे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि असे शेकडो फोटो मी लोकांच्या मोबाइलमध्ये पाहिले आहेत.

खाडीकाठची खरी पंचाईत मात्र पाण्याची आहे. जंगलात सकाळी उमटलेला ठसा दुपारपर्यंत टिकतो. तिवरात तो पुढच्या भरतीपर्यंतच. उधाणाच्या दिवसांत बांधाच्या आतले सुद्धा धुऊन निघते. त्यामुळे इथे फेरीची वेळ घड्याळाने ठरवून चालत नाही, ती तिथीने आणि भरतीच्या कोष्टकाने ठरते. ओहोटी लागल्यावर उघडा पडलेला चिखल खाली वाकून वाचायचा, तोही पाय रुतणार नाहीत अशा कडेने. वाट दाखवायला मासेमारी करणारा जाणकार बरोबर हवाच. मुंबई महानगराच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात, हे आता अभ्यासकांनी नीट नोंदवले आहे. पण तिवरांच्या मुळांतून चालणारा कोल्हा दिसणे दुर्मीळच, त्याची कोल्हेकुई ऐकू येते ती संध्याकाळी किंवा पहाटे. गोदामांच्या जनरेटरचा आणि ट्रकच्या हॉर्नचा आवाज चालू असेल तर तीही हरवते. आवाजाची नोंद करताना आसपासच्या गोंगाटाची नोंद करण्याचा रकाना आम्ही म्हणून ठेवला आहे.

त्यात ऋतूंची भर. जुलै ते ऑक्टोबर भात उभे असते, त्यात माणूस शिरू शकत नाही आणि शिरूही नये. मुंगूस, घोरपड, रानमांजर, धामण यांना हाच काळ सर्वांत सुरक्षित. कापणी झाली की अचानक सारे उघडे पडते आणि पहिल्या आठवड्यात प्राणी वाढल्यासारखे वाटतात. वाढलेले नसतात, आडोसा गेलेला असतो. दोन ऋतूंतले आकडे शेजारी ठेवून ‘संख्या घटली’ किंवा ‘वाढली’ असे लिहिणाऱ्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते, आधी भाताची उंची लिहा.

शिवाय प्राणीही आपल्याला पाहून वागणे बदलतात. २०१८ मध्ये केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांतले ७६ अभ्यास एकत्र करून ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांचे दिवस-रात्रीचे वेळापत्रक तपासले. माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात, असे त्यातून ठळकपणे दिसले. शहरालगतच्या प्राण्यासाठी तर ही जगण्याची अटच आहे. म्हणजे ज्या गावात माणसांचा राबता जास्त, तिथे दिवसाची पाहणी सर्वांत कमी सांगते. अंजूर त्यातलेच.

कॅमेरा लावला की सारे सुटेल, असे नव्या पिढीला वाटते. त्याचाही स्वभाव ओळखावा लागतो. बहुतेक कॅमेरे उष्णतेतला फरक ओळखून चालू होतात. एप्रिल-मेच्या दुपारी चिखल, दगड आणि प्राण्याचे अंग यांच्या तापमानात फारसा फरकच उरत नाही, समोरून प्राणी गेला तरी कॅमेरा झोपलेला राहतो. उलट उन्हात हलणारे गवत त्याला सारखे जागे करते, आणि संध्याकाळी पाहावे तर कार्ड गवताच्या फोटोंनी भरलेले. खारी हवा जोडण्या खाते, पावसाळ्यात काचेवर बाष्प धरते, मुंग्या आत घर करतात. बिबट्याच्या दोन बाजूंची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, तेव्हा वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लागतात, नाहीतर एकाच प्राण्याचे दोन मोजले जातात. कोल्ह्याच्या अंगावर तर ओळखीची नक्षीच नसते. त्याचे शंभर फोटो म्हणजे शंभर कोल्हे नव्हेत, एकच असू शकतो. आणि वनजमिनीवर, तिवरांत कॅमेरा लावायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्यायची.

यंत्रापेक्षा माझा भरवसा पाहण्याच्या चिकाटीवर अधिक आहे, आणि तो का, याचे उदाहरण फार लांबचे नाही. १९३० साली सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहिले. ताडावर लटकणारी सुगरणीची घरटी गावातल्या प्रत्येकाने पाहिलेली होती. त्यांनी घरट्यांच्या पातळीवर आडोसा उभारला आणि तासन् तास बसून पाहिले. नर अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन ते पारखतात, एखादीने पसंत केले तर तो ते पुरे करतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यातून उलगडले. १९३१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. अर्धवट घरट्यांबद्दल त्याआधी कितीतरी कल्पित गोष्टी प्रचलित होत्या. अंजूरच्या आसपास उरलेल्या शिंदीच्या झाडांवर आजही सुगरणी विणतात. प्राणी ‘शोधण्यासाठी’ दूर जाण्याआधी मुलांनी एक हंगाम तिथे बसावे, असे मी सुचवतो.

गावातल्या माणसांशी बोलणे हा या कामाचा अर्धा भाग आहे. बांधावर रात्र काढणारे कोळंबीवाले, उघाडी राखणारे, गुरे चारणारे, गोदामाचे रात्रपाळीचे पहारेकरी, यांच्याकडे जेवढे पाहिलेले असते तेवढे कोणत्याही वहीत नसते. त्यांना थेट ‘बिबट्या पाहिलात का’ असे विचारू नये. पाहुण्याला नाराज करायला नको म्हणून माणसे हो म्हणतात. चित्रे दाखवावीत, त्यात इथे नसलेल्या प्राण्याचीही चित्रे घालावीत, कुठे, कधी, कोणत्या महिन्यात, किती लांबून, असे विचारत जावे. मामा, दादा, ताई म्हणून शेजारी बसून ऐकावे, लिहून घेण्याआधी विचारावे. आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच नावाच्या रकान्यात, ‘ऐकीव’ म्हणून ठेवावे. ऐकीव म्हणजे हलके असे मुळीच नाही. त्याचा मार्ग वेगळा असतो, एवढेच.

या पुस्तिकेत पुढे ठसे, विष्ठा, आवाज आणि पक्ष्यांची प्रकरणे आहेत, आणि शेवटी कोऱ्या नोंदपानांचा संच. प्रत्येक पानावर तारीख, तिथी, भरतीची वेळ, भाताची अवस्था, फेरी किती वेळ चालली आणि कोण कोण होते, हे रकाने प्राण्याच्या नावाच्या आधी येतात. काहीच न दिसलेल्या फेरीलाही तेवढेच पूर्ण पान द्यायचे आहे. एका गोष्टीत मात्र हात आखडता ठेवा. खवल्या मांजराचे बीळ, घुबडाची ढोली, कोल्ह्याच्या पिल्लांची जागा सापडली तर नेमके ठिकाण अभ्यासाच्या मूळ वहीत आणि वनखात्याकडेच द्या. खवल्या मांजराची तस्करी जगभर चालते, घुबडे अंधश्रद्धेपायी मारली जातात, आणि मोबाइलवरून टाकलेल्या फोटोसोबत जागेचे आकडेही जाऊ शकतात. फोटो पाठवण्याआधी ते काढून टाकण्याची रीत दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच दिली आहे.